आजीचा चेहरा तसाच राहू दे : वाचकांचे प्रश्न, डिजिटल चित्रकाराची उत्तरं

या महिन्यात फोटोशॉप आणि तत्सम सॉफ्टवेअरमधल्या नवीन एआय फीचर्सबद्दल एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. मी ठाण्यात नौपाड्यात बसून पुस्तकांची कव्हरं आणि दिवाळी अंकांची चित्रं करते, मधेमधे दुकानांची कामंही असतात, सगळं टॅबलेटवर, त्यामुळे ही फीचर्स रोज वापरात आहेत. जे स्वतः वापरून बघितलंय त्यावरूनच उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाईंचा साधारण 1960 च्या आसपासचा फोटो आहे. पिवळा पडलाय आणि गालावरून मोठी घडी गेलीय. मुलाने फोटोशॉपमध्ये टाकून दोन मिनिटांत साफ करून दिला. फोटो चकाचक झालाय पण घरात सगळे म्हणतात या सासूबाई वाटतच नाहीत. असं का झालं? – एक वाचक, कोलशेत रोड, ठाणे

काकू, मुलाने बहुतेक न्यूरल फिल्टर्समधलं फोटो रिस्टोरेशन वापरलं असणार. त्यात एन्हान्स फेस नावाचा एक स्लायडर असतो आणि खरी गोम तिथेच आहे. लोकांना वाटतं की फोटोत दडलेला चेहरा सॉफ्टवेअर वर काढतं, पण तसं नसतं. त्या काळच्या छोट्या प्रिंटमध्ये चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, त्यात पापण्यांचे केस, ओठांची कड वगैरे डिटेल मुळात नसतंच, मग सॉफ्टवेअर काय करतं तर त्याने शिकताना जे असंख्य चेहरे पाहिलेत त्यावरून अंदाज लावतं की इथे असा डोळा असेल, इथे असं नाक असेल, आणि ते नवीन रंगवून बसवतं. म्हणून चेहरा सुंदर दिसतो पण तो कुणा दुसऱ्याच बाईचा असतो. नाकपुडीचा आकार आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा जरासा जरी हलला ना तरी घरच्या माणसांना लगेच कळतं, बाहेरच्यांना कळणारही नाही.

आणखी एक गोष्ट बघा. सासूबाईंच्या कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण होतं का? असेल तर साफ केलेल्या फोटोत ते आहे का ते नीट बघा. गोंदणाचे बारीक ठिपके म्हणजे सॉफ्टवेअरला धूळ किंवा डाग वाटतात आणि स्क्रॅच रिडक्शन जास्त ओढलं तर ते पुसले जातात. मला याचं खूप वाईट वाटतं, कारण त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं गोंदण आता फक्त अशा फोटोंमध्येच उरलंय.

आता काय करायचं ते सांगते. मूळ फोटो परत स्कॅन करा, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, 600 डीपीआयला (म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे ते माप) स्कॅन करा, प्रिंट अगदीच छोटी असेल तर 1200 ला, आणि जेपेगऐवजी टिफमध्ये सेव्ह करा. स्कॅनच्या आधी मऊ कोरड्या ब्रशने हलकेच धूळ झटका, पाणी लावू नका. मग मुलाला सांगा की फिल्टर वापर पण एन्हान्स फेस पूर्ण शून्यावर ठेव, आउटपुट नवीन लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर घे, आणि त्या लेयरला मास्क (हवा तेवढा भाग झाकायची सोय) लावून चेहऱ्याचा भाग पुसून टाक म्हणजे चेहरा मूळ स्कॅनमधलाच दिसेल. पडदा, भिंत, साडीची मोकळी जागा यासाठी फिल्टरचं काम झकास आहे, ते खुशाल घ्या.

गालावरची घडी मात्र हाताने काढायची. नवीन रिकामा लेयर घ्यायचा, हीलिंग ब्रशला सॅम्पल ऑल लेयर्स करायचं, ब्रश घडीच्या रुंदीपेक्षा जरासाच मोठा, आणि घडीच्या अगदी शेजारची त्वचा उचलत उचलत पुढे जायचं. एका दमात लांब रेघ ओढायची नाही, छोटे छोटे टिचके मारायचे. डोळ्याच्या जवळ आलात की हीलिंग ब्रश कडा फासतो, तिथे क्लोन स्टॅम्प घ्या. पिवळेपणा शेवटी कर्व्ह्जने काढा. फोटोतले बारीक दाणे तसेच ठेवा, ते घालवले की चेहरा प्लास्टिकचा दिसतो आणि मग कितीही चांगलं काम केलं तरी पाणी फेरलं जातं.

रंग भरायचे असतील तर कलराइझ फिल्टर आहे पण साडीचा रंग तो स्वतःच ठरवतो. त्यापेक्षा घरात ज्यांना आठवतंय त्यांना आधी विचारा, साडी कसली होती, काठ कुठला होता, आणि तो रंग भरा. आणि मूळ स्कॅनची फाईल वेगळी जपून ठेवा, दोन ठिकाणी.

प्रश्न : मी पाचपाखाडीत गेली पंचवीस वर्षं बॅनर, फ्लेक्स, पत्रिका ही कामं करतो. कोरल आणि फोटोशॉप येतं. आता पोरं जनरेटिव्ह फिल वापरून अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत करतात. या वयात शिकावं का, की आपली पद्धतच बरी? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

दादा, शिका. नक्की शिका, आणि तुम्हाला ते पोरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल कारण कुठे वापरायचं नाही हे तुमच्या डोळ्याला आधीच कळतं.

2010 मध्ये फोटोशॉपात कन्टेन्ट अवेअर फिल आलं होतं ते तुम्ही वापरलं असेलच. ते त्याच फोटोतले तुकडे उचलून खड्डा बुजवायचं. जनरेटिव्ह फिल मे 2023 मध्ये बीटात, म्हणजे चाचणीच्या व्हर्जनमध्ये आलं, सप्टेंबरमध्ये सगळ्यांना मिळालं, आणि ते तुमच्या फोटोत नसलेली गोष्ट नव्याने तयार करतं. काम कंपनीच्या सर्व्हरवर चालतं म्हणून नेट लागतं आणि क्रेडिट्स जातात. फरक एवढाच आहे पण हा फरक डोक्यात पक्का असला की निम्मी भानगड मिटते.

तुमच्या धंद्यातलं रोजचं उदाहरण घेऊ. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर उभा फोटो पाठवतो आणि बॅनर हवा असतो आडवा. आधी आपण काय करायचो, बाजूला ग्रेडियंट मारायचो नाहीतर आकाश ताणायचो. आता कॅनव्हास वाढवा, रिकाम्या जागेचं सिलेक्शन करा आणि ते मूळ फोटोवर थोडं आत जाऊ द्या म्हणजे सांधा दिसत नाही, प्रॉम्प्टची, म्हणजे काय हवं ते शब्दांत लिहायची जागा रिकामी सोडा, जनरेट दाबा. तीन पर्याय येतात, आणि ते वेगळ्या लेयरवर मास्कसकट येतात म्हणजे मूळ फोटोला धक्का नाही. प्रॉम्प्ट रिकामा ठेवला तर ते बाजूचं बघून चालू पार्श्वभूमीच पुढे नेतं, उगाच शब्द टाकले की नको त्या वस्तू आणून ठेवतं.

आता मोजमापाचं. सुरुवातीला ते एका वेळी जास्तीत जास्त 1024 बाय 1024 पिक्सेल एवढंच बनवायचं आणि मोठी जागा असेल तर तेच ताणायचं, आता यात सुधारणा होतेय पण सवय म्हणून 100 टक्के झूम करून बघायचंच. 1024 पिक्सेल म्हणजे 300 डीपीआयला जेमतेम साडेतीन इंच होतात. पत्रिकेत, पुस्तकाच्या कव्हरवर हे लगेच कळतं, बाजूचा फोटो दाणेदार आणि हा भाग गुळगुळीत. फ्लेक्स लांबून बघायचा असतो म्हणून तिथे खपून जातं. छोट्या कामात मात्र तुकडे पाडून जनरेट करा आणि वरून थोडं नॉइज मारा.

आकाश, भिंत, रस्ता, गवत, पडदा, सगळं करा त्याच्याकडून. चेहरे, हात, दागिने, देवाची मूर्ती, पक्षाचं चिन्ह, दुकानाचा लोगो यात अजिबात हात लावू देऊ नका. उत्सवमूर्तीच्या कामात एखाद्या मंडळाच्या बाप्पाची सोंड किंवा हातातलं आयुध बदललं तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणि रिमूव्ह टूल आधी शिका, जनरेटिव्ह फिलच्या पण आधी. ऑक्टोबर 2024 च्या व्हर्जनपासून त्यात वायर्स अँड केबल्स असं एक बटन आहे, आपल्याकडे कुठल्याही इमारतीचा फोटो काढा समोरून केबलवाल्यांच्या चार वायरी गेलेल्या असतातच, हे बटन त्या शोधून काढून टाकतं. गोखले रोडवरच्या एका जुन्या घराच्या फोटोवर मी ते वापरलं, लाकडी कठड्याच्या पुढून जाडी वायर जात होती, वायर गेली आणि कठड्याचे गज जागच्या जागी राहिले, फक्त एका ठिकाणी दोन गज एकमेकांना चिकटले होते ते हाताने सरळ केले. हे काम आधी किती रटाळ होतं ते तुम्हाला माहितीये. अशा कामाचा वेळ वाचला तर मला मनापासून आनंद होतो.

प्रश्न : मी अप्लाइड आर्टला आहे. ठाणे खाडीच्या पोस्टरसाठी फ्लेमिंगो आणि कोळीणबाई असं चित्र करतेय. जनरेटिव्ह फिलला सांगून फ्लेमिंगो टाकले तर सर म्हणाले हे आपले नाहीत. लुगडं नेसलेली बाई तर धडच येत नाहीये. प्रॉम्प्ट कसा लिहू? – नेरूळ, नवी मुंबई

तुझे सर बरोबर बोलतायत. आपल्या खाडीत दोन जातीचे फ्लेमिंगो येतात, लहान आणि मोठा. लहान फ्लेमिंगोची चोच गडद, लांबून जवळजवळ काळीच दिसते, आणि मोठ्याची चोच गुलाबी असून टोकाला काळी असते. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एक सरधोपट गुलाबी पक्षी देतं, रंग इतका भडक की आपल्याकडे तसा दिसतच नाही, आणि पाय कुठे वाकतो तिथे तर हमखास गडबड. जो सांधा गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो, म्हणून तो मागे वाकतो. हे माहिती असेल तर चूक दिसते, नसेल तर दिसत नाही.

तू नेरूळला राहतेस! हिवाळ्यापासून मे पर्यंत टीएस चाणक्यच्या बाजूच्या पाणथळ जागेत किंवा डीपीएस तलावाशी पाणी योग्य असलं की पक्षी असतात. भरती ओहोटी बघून जा, वही घेऊन जा, चोच चिखलात उलटी घालून तो कसा चरतो ते काढ. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, जगभरातले लोक ही जागा बघायला येतात आणि तुला रिक्षाने जाता येतं.

लुगड्याचं म्हणशील तर प्रॉम्प्ट कितीही लांब लिही, कासोटा सॉफ्टवेअरला कळत नाही. मी करून बघितलंय, ते पुढून निऱ्या काढतं पाचवारीसारख्या आणि मागे धोतरासारखं काहीतरी लोंबतं, दोन्ही एकदम. निऱ्या पायांमधून मागे जाऊन खोचलेल्या असतात म्हणून कापडाला जो ताण येतो, पोटरीवर घडी कशी बसते, हे काही त्याला जमत नाही, आणि कोळणींची नेसण्याची पद्धत तर त्यातही वेगळी, घट्ट आणि गुडघ्यापर्यंत. नथीचंही तेच, नाकात एक साधी गोल रिंग अडकवतं, मोत्यांचा तो बाक येतच नाही. आपल्या गोष्टी त्याने फार कमी पाहिल्यात, आणि पाहिलेल्यांवर नाव काय लिहिलं होतं तेही धड नसणार. दिवाळे किंवा सारसोळे गावात जाऊन मावशींना विचार, स्केच काढू का म्हणून, नाही म्हणणार नाहीत शक्यतो. बाई आणि पक्षी तू काढ. मागची खारफुटी, धुकं, पाण्यावरचा उजेड यासाठी हवं तर फिल वापर, आणि ते वापरल्याचं सरांना सांग.

प्रश्न : ताई, फोटोशॉपमध्ये मराठी टाईप केलं की जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. आणि एआयने पोस्टर बनवलं की त्यातलं मराठी वाचताच येत नाही. – ऐरोली

दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सोपा, जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेस, टाइप, तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडा आणि सॉफ्टवेअर बंद करून चालू करा, मग पॅरेग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड रेडी निवडा. 2022 पासूनच्या व्हर्जनमध्ये हे बहुतेक आपोआप होतं. फाँट युनिकोडच (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच वाचता येणारा) घ्या, ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ नावाचा घ्या, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांनी केलेत आणि फुकट आहेत. जुना नॉन युनिकोड फाँट लावून युनिकोड मजकूर पेस्ट केला की कचरा दिसणारच. फाँट निवडला की आधी तऱ्हा, सुऱ्या, दऱ्या असे शब्द टाईप करून बघा, ऱ्य आणि ऱ्ह नीट आले तर फाँट बनवणाऱ्याने मराठीचा विचार केलाय असं समजायचं.

दुसऱ्याचं उत्तर एकच, अक्षरं जनरेट करून घेऊच नका. एआय अक्षराचं चित्र काढतं, ते लिहीत नाही. नवीन मॉडेल्स पुष्कळ सुधारलीत तरी एखादी मात्रा खातातच आणि नेमकी ती लग्नपत्रिकेतल्या आडनावावरची असते. चित्र घ्या, अक्षरं वरून टाईप करा.

प्रश्न : कॉलेजात आहे, सबस्क्रिप्शन परवडत नाही, क्रॅक टाकू का? लॅपटॉप 8 जीबीचा. – कळवा

क्रॅक नको रे, व्हायरस येतो आणि गरज पण नाहीये. चित्र काढायचं तर क्रिता, पूर्ण फुकट आणि ब्रश अफलातून. फोटोचं काम असेल तर गिंप घे, मार्च 2025 मध्ये त्याचं 3.0 आलं आणि त्यात फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतो, आधी हे नव्हतं म्हणून लोक वैतागायचे. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाईल उघडायची घाई असेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी. ॲफिनिटी हे फोटो आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर पण ऑक्टोबर 2025 पासून फुकट झालंय, त्यातली एआय फीचर्स तेवढी पैसे भरून मिळतात. 8 जीबीत फाईल ए4, 300 डीपीआय, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, यापेक्षा मोठी घेऊ नकोस आणि लेयर वेळच्या वेळी मर्ज करत जा. एआय तुझ्या लॅपटॉपवरच चालवायचं असेल तर चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आत्ता त्याच्या मागे लागू नकोस.

प्रश्न : क्लायंट म्हणतो आता सगळं एआय करतं मग तुमचा रेट एवढा का. काय उत्तर द्यायचं? – घणसोली

हा प्रश्न वाचून जीव तुटतो, कारण हे सगळ्यांना ऐकावं लागतंय. वाद घालू नका, त्याला तुमची लेयरवाली फाईल उघडून दाखवा. आधीची स्केचेस, फेटाळलेले पर्याय, कुठे कुठे एआय वापरलं तो लेयर, सगळं. लोकांना शेवटचं चित्र दिसतं, त्याआधी काय झालं ते दिसत नाही म्हणून ते असं बोलतात. पार्श्वभूमीचा वेळ वाचला असेल तर तेवढे पैसे कमी करा, मी करते, पण कल्पना, रचना आणि चुका पकडणं याचा रेट खाली आणू नका.

काम सुरू करतानाच कोटेशनमध्ये एक ओळ लिहा की कुठल्या भागात एआय वापरलं जाईल आणि हक्क कुणाचे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरने तयार झालेल्या कामाचा कर्ता म्हणजे ते काम ज्याने घडवून आणलं ती व्यक्ती असं म्हटलंय, पण ही तरतूद 1994 च्या दुरुस्तीतली आहे, तेव्हा असली सॉफ्टवेअर नव्हती, त्यामुळे तिच्या भरवशावर न राहता लेखी असलेलं बरं. एक्सपोर्ट करताना कन्टेन्ट क्रेडेन्शियल्स जोडायची सोय आहे, कुठलं टूल वापरलं त्याची नोंद फाईलसोबत जाते. सोशल मीडियावर टाकल्यावर ती कधीकधी गळून पडते, तरी जोडा.

प्रश्न : माझी चित्रं वापरून हे लोक त्यांचं एआय शिकवत असतील का? ऑनलाइन टाकायचीच बंद करू का? – खारघर

बंद नका करू, काम कसं मिळणार मग. पण तुमची काळजी रास्त आहे. जून 2024 मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीच्या अटींमधल्या शब्दांवरून जगभरातल्या आर्टिस्टनी आवाज उठवला तेव्हा कंपनीला अटी पुन्हा स्पष्ट लिहाव्या लागल्या, ग्राहकांच्या फाईल्सवर आमचं मॉडेल शिकवत नाही असं त्यांनी सांगितलं. त्याआधी 2022 च्या शेवटी क्लिप स्टुडिओ या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने इमेज जनरेटर आणतोय म्हणून जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांच्या विरोधामुळे काही दिवसांतच मागे घेतलं. प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपने ऑगस्ट 2024 मध्ये आम्ही जनरेटिव्ह एआय आणणारच नाही असं सांगून टाकलं. म्हणजे बोललं की फरक पडतो, आपण मराठी चित्रकारांनीही बोलायला हवं, अटी वाचायला हव्यात, फीडबॅकच्या चौकटीत लिहायला हवं. न विचारता कुणाचंही चित्र वापरणं मला चूक वाटतं आणि त्यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

तोवर एवढं करा. ॲडोबी अकाउंटच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कन्टेन्ट ॲनालिसिस बंद करा. ऑनलाइन टाकताना लांब बाजू 1200 पिक्सेलच्या आसपास ठेवा, छापायची मोठी फाईल कधीच टाकू नका. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लेझ नावाचं फुकट सॉफ्टवेअर काढलंय, ते चित्रात असे बारीक बदल करतं की आपल्याला फारसे दिसत नाहीत पण मॉडेलला तुमची शैली उचलणं अवघड जातं. शंभर टक्के संरक्षण नाही ते. सपाट रंगाच्या चित्रांवर त्याचे डाग थोडे दिसतात, म्हणून आधी एकाच चित्रावर कमी तीव्रतेला लावून बघा, आणि साध्या लॅपटॉपवर वेळ बराच खातं तेव्हा डेडलाइनच्या दिवशी नको.